फ्रीजची चप्पल

मे २०१७, रविवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, माझा नवरा, सासूबाई (झोपाळ्यावरून), मोठे भाऊजी, तलासरीचा वायरमन आणि गंजाडहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई. बाईंना खुर्ची दिली होती, पण त्या उंबऱ्यापाशी उजवा हात डाव्या हातात धरून उभ्या राहिल्या. विषय एकच: शुक्रवारी फ्रीजने बाईंना फेकलं, ते का.

मी वही घेऊन बसले. आमच्या घरात बोलणारे सगळे, लिहिणारी मी एकटी, त्यामुळे कोण काय म्हणालं होतं हे नंतर फक्त मलाच आठवतं.

मोठे भाऊजी वापीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. निवृत्त झाले आणि इंजिनिअर झाले. आदल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले. लोक तिथून चॉकलेटं आणतात, यांनी तळघरातल्या मेन पॅनेलचे फोटो आणले. आल्या आठवड्यातच आमचा मेन बोर्ड उघडून उभे राहिले.

"हे बघ, तिकडे न्यूट्रल आणि अर्थ मेन पॅनेलमध्येच एकत्र बांधतात. नियम आहे तसा. आणि आपल्याकडे? दोघं भांडल्यासारखे वेगवेगळे!"

वायरमनला बोलावलं, मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्याने हिरव्या वायरचा वीतभर तुकडा कापला आणि न्यूट्रलची पट्टी अर्थच्या पट्टीला जोडून टाकली. "चालशे," म्हणाला. गुजरातला लागून असलेल्या या किनाऱ्यावर मराठी माणसालाही काम उरकायचं असलं की गुजराती सुचते.

त्या दिवसापासून मिक्सर लावला की घरातली लाइट जायची. बोर्डात ईएलसीबी होता. कुठे करंट गळतोय असं वाटलं की तो खटका पाडून वीज तोडतो, तेवढंच त्याचं काम. बिचारा दिवसातून पाच वेळा ते काम इमानाने करत होता. भाऊजींनी निकाल दिला, "खटका खराब आहे." वायरमनने तो काढून लाइन डायरेक्ट केली. लाइट जायची थांबली, सगळे खूश.

मग फ्रीजला हात लावला की मुंग्या यायला लागल्या.

इथे आमच्या घराण्याची खरी हुशारी दिसली. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. जावई आले तरी दारात काढतात. पण फ्रीजसाठी त्यांनी सवलत दिली. निळ्या रबरी चपलांचा एक जोड फ्रीजसमोर आला. पाय घालायचे, दार उघडायचं, दूध काढायचं, दार लावायचं, चप्पल काढायची. आठ दिवसांत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पाहुण्यांनाही आम्ही कौतुकाने शिकवायचो. मुंग्या का येतात, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या वहीत त्या काळातली नोंद आहे: "फ्रीजच्या चपलेचा अंगठा तुटला, नवीन आणणे." समोर बरोबरची खूण आहे.

आणखी एक गोष्ट मी ऐकली होती, पण लिहिली नव्हती. फरशी पुसताना बाईंनी एकदा त्या चपलेत पाय घातला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "ती घरच्यांची आहे."

शुक्रवारी सकाळी पंखे एकदम मंदावले, फ्रीजची घरघर थांबली. बाई फरशी पुसत होत्या. ओल्या जमिनीवर, अनवाणी. उठताना आधाराला म्हणून फ्रीजचा दांडा धरला आणि मागे तांदळाच्या पिंपावर जाऊन आदळल्या. नवऱ्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. डहाणूत डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, दोन तास बसवून ठेवलं आणि घरी सोडलं. बाई वाचल्या. हाताची बधिरता मात्र महिनाभर गेली नाही.

रविवारच्या सभेत वायरमनने बोर्ड उघडला.

"खाऱ्या वाऱ्याने खांबावरचा जॉइंट गंजला आणि न्यूट्रल तुटला. करंटला परत जायला वाट नाही. मग तो या हिरव्या तुकड्यावरून अर्थच्या वायरीत शिरला. ती वायर फ्रीजला, गीझरला, सगळ्यांच्या पत्र्याला लावलेली. सगळं घर करंट मारायला लागलं."

भाऊजी म्हणाले, "पण अमेरिकेत तर बांधतात."

"तिकडची रचना तशी असेल, काका. आपल्याकडे न्यूट्रल डीपीवर, ट्रान्सफॉर्मरपाशीच, अर्थ केलेला असतो. घरात परत बांधायचा नसतो."

"मग बांधलास कशाला?"

"तुम्ही सांगितलंत."

"अरे, पण शिकलेला वायरमन तू ना!"

"म्हणूनच गप्प बसलो. वाद घातला असता तर तुम्ही दुसरा आणला असता. तोही हेच करून गेला असता, वर माझं गिऱ्हाईक गेलं असतं."

नवऱ्याने विचारलं, "पण अर्थिंग जमिनीत जातं ना? करंट तिकडे उतरायला हवा होता."

"खड्डा ओला असेल तर उतरतो. खड्डा कुठाय तुमचा?"

पूर्वी सासरे उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचे. आम्ही सगळे एकदम खिडकीबाहेर पाहायला लागलो. चिकूच्या झाडाशेजारी नवे लाल पेव्हर ब्लॉक, त्यावर भाऊजींची गाडी. खड्डा गाडीखाली.

झोपाळ्यावरून सासूबाई म्हणाल्या, "चप्पल घातली असती तर काही झालं नसतं."

बाई सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या. "आजी, तुम्हीच ना बोलल्या, घरच्यांची आहे म्हणून?"

झोपाळा थांबला. भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला. मी खाली मान घालून वहीत लिहू लागले. खरं तर त्या क्षणी मान वर करून बोलायला हवं होतं, पण यादी करणाऱ्या माणसाला लपायला वही असते.

त्याच दुपारी हिरवा तुकडा निघाला, नवा ईएलसीबी बसला. खांबावरचा जॉइंट सोमवारी वीजवाल्यांनी करून दिला. निळ्या चपला मी स्वतः कचऱ्यात टाकल्या. नंतर बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या वहिनी. खड्डा उघडा, पाणी ओता, मला बोलावून दाखवा. मग तुमच्या फ्रीजला हात लावते."

हात बरा झाल्यावर बाई परत आल्या, स्वतःची रबरी चप्पल घेऊन. ती घालून त्या आमच्या स्वयंपाकघरभर फिरतात. सासूबाई पाहतात आणि झोका घेतात. फ्रीज मी पुसते.

भाऊजींना मी पहिल्या महिन्यात चार वेळा खड्ड्याची आठवण करून दिली. "खटका बसवलाय ना आता? मग झालं तर," म्हणाले. पुढे म्हणाले, ब्लॉक उखडले तर लेव्हल जाईल. सध्या त्यांचं लक्ष गच्चीवरच्या सोलरकडे आहे. त्याचेही व्हिडिओ आलेत.

वही बदलली की राहिलेली कामं मी नव्या वहीत उतरवून घेते. २०१९ च्या वहीत पहिल्याच पानावर आहे: "अर्थिंगचा खड्डा उघडणे, पाणी ओतणे, बाईंना दाखवणे. जबाबदारी: मोठे भाऊजी. शेरा: गाडी उभी आहे."