कृष्णनाथाचा रबरी डगला आणि खाणीतली घंटा

मार्च महिन्यात, भर दुपारी, आमच्या डिचोलीच्या उन्हात एक धडधाकट माणूस थंडीने मरायला टेकलेला मी पाहिला आहे. नातवंडांना सांगितलं की हसतात. म्हणतात, आजोबा, मार्चमध्ये आपल्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, माणूस गारठेल कसा? मी म्हणतो, बसा. कृष्णनाथाची गोष्ट आहे, बसून ऐकायची.

कृष्णनाथ माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या अंगणाच्या मध्ये एक फणस होता आणि त्या फणसावरून आमच्या बायकांचं वर्षातून एकदा भांडण व्हायचं. बाकी जिव्हाळा. मी खाणीवर टिपर चालवायचो, तो मुरगाव बंदरात कामाला. काम काय? तर जहाजांच्या पोटाखाली जाऊन त्यांना चिकटलेली कालवं खरवडायची. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, अंगात बनियन नि अर्धी चड्डी. शनिवारी घरी आला की शांता, त्याची बायको, म्हणायची, "आले जहाजाचे न्हावी." तोही म्हणायचा, "पण गिऱ्हाईक बघ केवढं मोठं!"

तर गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकीकत. तेव्हा गावागावात कोंकणी की मराठी यावरून वाद चालत. आमच्या गावात लोक देवाला गाऱ्हाणं मराठीत घालायचे आणि देवळाबाहेर येऊन कोंकणीत भांडायचे, त्यामुळे कोण कुठल्या बाजूचा ते देवालाही कळत नसावं.

त्या देवळात एक घंटा होती. कृष्णनाथाच्या बापाने बांधलेली. सुमंगलाबाईंची, म्हणजे कृष्णनाथाच्या आईची, आधीची मुलं जगली नव्हती. हा पोटात असताना बापाने नवस केला, मूल जगलं तर घंटा बांधीन. मूल जगलं. बाप बेळगावला गेला आणि घंटा घेऊन घाट उतरला, अर्धी वाट खांद्यावरून. पुढे तो गेला, आणि म्हातारपणी सुमंगलाबाईंची दृष्टीही गेली. मग त्या घंटेवरच दिवस मोजायच्या. सकाळची पूजा झाली, चहा ठेवा. सांजवात झाली, कोंबड्या कोंडा.

त्या घंटेच्या लोळ्याची कडी तुटली. घंटा डिचोलीच्या बाजारात नेऊन जोडून आणली. येताना बंद पडलेल्या खाणीच्या वळणावर ट्रक कलंडला. तो ट्रक माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. माणसं वाचली, घंटा मात्र गडगडत खाणीत. खाण म्हणजे पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा, वरून हिरवागार, खाली किती खोल ते कुणी बघितलेलं नाही.

देवस्थानवाले म्हणाले, नवी घेऊ. सुमंगलाबाई म्हणाल्या, "नव्या घंटेचा आवाज माका वळखूक येवचो नाय. माझ्या बाबाच्या, ह्या कृष्णनाथाच्या, जन्माची घंटा ती. तीच आणा."

आणि आणणार कोण? ज्याचा धंदाच पाण्याखालचा, तो.

पहिल्यांदा कृष्णनाथ नेहमीच्या बनियनवर उतरला, आणि गेला तसा वर आला. डोळे मोठे. "सगुणदादा," मला म्हणाला, "वरचं पाणी न्हाणीतल्यासारखं ऊन आहे. खाली गेलो तर एकदम दुसरंच पाणी! कुणीतरी विहिरीत ढकलल्यासारखं. मुरगावचा दर्या असा नाही हो."

मग त्याने बंदरातल्या मुकादमाकडून एक रबरी डगला आणला. कुणा परदेशी खलाशाने मागे टाकलेला. मानेपासून घोट्यापर्यंत एकच एक, काळा, जाड, ट्रकच्या ट्यूबचा वास मारणारा. तो घालणं हा सोहळाच झाला. खोबरेल लावून मी एक पाय ओढतोय, शांता दुसरा. डगला चढला तेव्हा कृष्णनाथाला धड वाकता येईना.

तिथे होता शांताचा भाऊ गोकुळदास. धारगळला हमरस्त्यावर त्याचं शिंप्याचं दुकान. पेडण्यातल्या निम्म्या नवऱ्यांच्या सफारी त्याच्या हातच्या. मेव्हण्याकडे बघून तो म्हणाला, "भावोजी, हा डगला तुम्हाला नाही, तुमच्या हाडांना शिवलाय. द्या इकडे. असा सैल करतो की आत जेवून उठाल."

आणि केला की! दोन्ही काखांत ट्यूबच्या रबराच्या कळ्या, म्हणजे जादा तुकडे, घातल्या. पाठीची शिवण उसवून रुंदावली. वर अक्कल चालवली, घोट्यापाशी पट्ट्याला पाडतात तशी भोकं पाडली. म्हणाला, "पाणी शिरलंच, तर खालून निथळून जाईल." आम्ही सगळे म्हणालो, वा! डोकं बघा गोकुळदासाचं! का नाही म्हणणार? छत्री, कांबळं, इरलं, पाणी अंगाला लागू नये म्हणूनच ना सगळं? आम्हाला वाटलं, हाही एक रेनकोट. कृष्णनाथालाही तसंच वाटलं. उबदार समुद्रात जन्म गेलेला, असला डगला त्याने कधी अंगाला लावलाच नव्हता.

दिवस ठरला. खाणीच्या काठावर गाव जमला. गाऱ्हाणं झालं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सुखरूप वर हाड रे म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" कृष्णनाथाच्या कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे बरं आहे. लागोपाठ हिसके म्हणजे ओढा.

तो गेला. ऊन असं की चिऱ्यावर पाय ठेववत नव्हता. मी हिसका दिला, खालून हिसका आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. लोक सावलीला सरकले. कुणी म्हणालं, "आज मजेत आहे गडी. डगल्याची कमाल!" आणि खरं तेच झालं होतं. बनियनवर असता तर केव्हाच वर पळाला असता. डगल्याच्या भरवशावर तो खाली राहिला.

मग मी हिसका दिला आणि काहीच आलं नाही. पुन्हा दिला. दोर नुसता हलला, पाण्यात दावं सोडून द्यावं तसा. शांता शेजारी उभी होती. माझं तोंड बघून तिने दोराला हात घातला. "ओढा!" ती ओरडली. "सगुणदादा, ओढा म्हणते ना!"

ओढला. आणि जे वर आलं ते बघून माझ्या हातातला दोर तसाच राहिला. ओठ जांभळासारखे. दात एकमेकांवर आपटत होते आणि मग, हे जास्त वाईट, आपटायचे थांबले. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघून म्हणतो, "तुम्ही खंयचे?" पंचवीस पावसाळे शेजारी राहिलेला माणूस मला विचारतो, तुम्ही कुठले! आणि आम्ही सगळे भोवती घामाने निथळतोय. अंगाला हात लावला तर बर्फात ठेवलेला बांगडा.  गाऱ्हाणं घालणाऱ्या पुजाऱ्याने नुसतं "अरे... अरे..." लावलं होतं.

कुणीतरी हुर्राकचा पेला पुढे केला. काजूची पहिली दारू, अंग तापेल म्हणून. शांताने तो हात झटकून टाकला. "शुद्ध नाही त्यांना! घशात अडकली तर? सरा!" आणि आम्हाला म्हणाली, "आधी हे मढं काढा अंगावरचं."

डगला सोलला. घोट्याच्या भोकांतून पाणी वाहतच होतं, हाताला झोंबेल असं गार. अंग टिपलं, उन्हाने तापलेल्या चिऱ्यांवर गोधडी घालून त्याला निजवलं, वर कांबळं. गिळायला लागला तशी शांता कुलेरने, म्हणजे चमच्याने, उनउनीत पेज भरवत बसली, थोडी, मग थोडी. बऱ्याच वेळाने त्याला पुन्हा हुडहुडी भरली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला थरथरताना बघून मला आनंद झाला.

पहिलं वाक्य बोलला ते असं, "पाणी आत थांबत नव्हतं."

गोकुळदास पुढे सरकला. "थांबू नये म्हणून तर भोकं पाडली, भावोजी!"

"तेच रे मेल्या!" कृष्णनाथ कांबळ्यातून म्हणाला. "काखेतून शिरायचं, घोट्यातून जायचं. कुळागरात सुपारीच्या झाडांना पाट वाहावा तसं. मी तापवायचो आणि ते चालायला लागायचं. जिथे डगला घट्ट होता ना, मांडीला, तिथे पाणी शिरलं ते शिरलं, पण अडकून राहिलं, आणि तेवढी जागा गरम. अंगाची ऊब त्याच पाण्यात राहिलेली."

गोकुळदास मटकन बसला. "म्हणजे पाणी आत ठेवायचं? भिजून ऊब? आणि डगला अंगाला आवळायचा?" त्याच्या शिंपीपणाची दोन्ही तत्त्वं एका दुपारी पाण्यात गेली. त्या रात्री तो जेवला नाही असं शांता सांगायची.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. नाही. कृष्णनाथाला घंटा दिसली होती. चिखलात कलंडलेली. बोटं वळेनात म्हणून दोर बांधता आला नव्हता.

शांता म्हणाली, "माका घंटा नको, घोव हवा." पण घरी सुमंगलाबाई. त्यांना कुणी खरं सांगितलं नव्हतं. कृष्णनाथानेच बजावून ठेवलं होतं, थोडा गारठलो म्हणा. त्या रोज विचारायच्या, "घंटा दिसली म्हणतास, मग हाडूक नाय कित्याक?" आणि सांज झाली की उंबऱ्यावर बसून कान द्यायच्या. ते बघवत नव्हतं. शेवटी शांताच म्हणाली, "बरं. पण दोर माझ्या हातात. मी ओढला की यायचं. घंटा हातात असली तरी सोडून यायचं."

गोकुळदासाने कळ्या काढल्या, पाठ पुन्हा आवळली, भोकांना सायकलच्या पंक्चरसारखे तुकडे डकवले.  म्हणाला, "लग्नाचा कोट शिवताना नाही भ्यालो इतका."

आमच्याकडे देवाच्या वस्तूला हात लावायचा तर आधी न्हायचं. म्हणून शांताने खाणीच्या काठावरच तीन दगडांची चूल मांडून तांब्याचं भाण भरून पाणी तापवलं होतं. पण डगला घट्ट, चढवायला इतका वेळ लागला की न्हाणं राहून गेलं, आणि पुन्हा काढायची कुणाची छाती नव्हती. शांता म्हणाली, "काढायचं नाही. वरूनच न्हा." तिने मान ताणली आणि तांब्याने ऊन पाणी आत ओतलं. कृष्णनाथाचं तोंड असं झालं की काय सांगू, लहान पोराला न्हाऊ घातल्यावर होतं तसं. "आणखी ओत गो!" म्हणाला. "हेच पाणी हवं! आता खालचं पाणी आत शिरायला जागाच नाही!" काठावरचे लोक हसत होते, गरम पाण्याने न्हाऊन गार पाण्यात बुडायला निघाला म्हणून. मी हसलो नाही. माझे डोळे शांताच्या हातातल्या दोरावर होते.

ती हिसका द्यायची, खालून हिसका यायचा. प्रत्येक वेळी तिच्या तोंडून "हां" निघायचं. मग तिने ओढायला सुरुवात केली, त्याने न मागता. वर आला तो कापत होता, पण मला बघून म्हणाला, "सगुणदादा, बांधली." मला ओळखलं! बस, मला घंटेपेक्षा ते मोठं.

घंटा आम्ही गावकऱ्यांनी ओढून काढली. लाल चिखलाने गच्च. तशीच उचलून कृष्णनाथाच्या अंगणात आणली. सुमंगलाबाई चाचपडत आल्या, तिच्यावर तळवा ठेवला, आणि विस्तव लागावा तसा मागे घेतला.

"अगो शांता, ही अशी थंड कित्याक?"

"तळातली ती, मांय."

"आणि बाबा थंय गेल्लो? तीनदा?"

 सुमंगलाबाईंनी हवेत हात फिरवून कृष्णनाथाचा हात शोधला. बोटं अजून गार, सुरकुतलेली. ती बोटं त्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागल्या. "ह्यो जगूक म्हणान घंटा बांधली," त्या म्हणाल्या, "आणि मी घंटेखातर..."  मग एकदम रागावून शांताला म्हणाल्या, "कांबळं हाड!"

अंगणात ऊन मी म्हणत होतं. त्यात कृष्णनाथाला हनुवटीपर्यंत गुंडाळून बसवलं. शेजारी घंटा उन्हात. देवस्थानवाले न्यायला आले तर म्हातारी म्हणाली, हात लावायचा नाही. थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "घाम फुटलो रे?"

घामाच्या धारा लागल्या होत्या त्याच्या, पण कांबळं काढायची हिंमत नव्हती. "फुटलो, आई."

तिने स्वतः त्याचं कपाळ चाचपलं. हात ओला झाला, तो पदराला पुसला. मग घंटेवर तळवा ठेवला. तीही तापली होती.

"आता वाजय," ती म्हणाली.

मी आणि गोकुळदासाने घंटा बांबूला घालून उचलून धरली, आणि कृष्णनाथाने कांबळ्यातून एक हात बाहेर काढून ती वाजवली. पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "भर दुपारी सांज कशी झाली रे?"