खानोलकर मॅडमचं दुधाळ पाणी

रविवारची दुपार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टेबलावर डोकं टेकवते. पंख्याचा आवाज लांब जातो, पापण्या जड होतात, आणि खुर्ची सरकवून कुणीतरी शेजारी बसतं.

"मुग्धा, परत बसले का गं कण?"

खानोलकर मॅडम. माझ्या गाईड. मार्चमध्ये गेल्या. अंगावर तीच निळी सुती साडी, पदर खोचलेला. मला दचकायला होत नाही.

"बसले, मॅडम. आधी पाणी दुधासारखं दिसतं. चार दिवसांनी वर नितळ आणि तळाशी साका."

डोळ्यांना न दिसणारे ॲल्युमिनाचे कण पाण्यात मिसळले की ते पाणी उष्णता भराभर वाहून नेतं. पण कण तरंगत राहिले तरच. या एका गोष्टीपायी आम्ही दोघी कितीतरी वर्षं भांडलो, हसलो, शिपाईकाका दिवे घालवायला येईपर्यंत घरी जायचं विसरलो. उद्या मी विभागप्रमुखांना सांगणार आहे, हे काम बंद करूया.

"कण तरंगावेत म्हणून साबण किती घातलास?"

"जरा जास्तच."

"म्हणजे नुसता फेस. घाबरलीस की ओततेस तू!"

आम्ही हसतो, आणि हसता हसता मुलींच्या होस्टेलच्या गच्चीवर उभ्या असतो. सोलर हीटरच्या नळ्या चमकतायत. याच नळ्यांसाठी मॅडमना ते पाणी हवं होतं. सगळ्यात शेवटी आंघोळीला जाणाऱ्या मुलीलाही कढत पाणी मिळावं म्हणून. गच्चीवर घोट्यापर्यंत पांढरं, कोमट पाणी साचलंय. मॅडम कठड्यावर बसून संत्रं सोलतायत.

"आम्लाचे थोडे थेंब घालून बघ. प्रत्येक कणावर सारखाच भार येतो. मग ते एकमेकांना ढकलतात, गोळा होत नाहीत."

"नळ्या खराब होतील ना?"

"मोजून घाल. पण भीतीनं हात आखडू नकोस."

"म्हणजे लांब राहूनच तरंगायचं?" मी त्यांच्याकडे बघत विचारते.

"अगं, लांब कुठे? पाणी एकच आहे की."

त्या माझ्या तळहातावर एक फोड ठेवतात आणि माझी मूठ मिटवतात. 'थांबा ना' म्हणेपर्यंत कठडा रिकामा.

जाग येते. खिडकीतलं ऊन कललंय. उद्या विभागप्रमुखांकडे जायचं नाही, एवढं ठरलंय. जुनं पाणी ओतून मी कोरडा बीकर घेते, आम्लाची बाटली काढते. हातमोजा चढवायला जाते, तर तो चढेचना. उजवा तळहात चिकट झालाय. नाकाशी नेते.

संत्र्याचा ओला, आंबटगोड वास. बाहेर जून महिना, आणि बाजारात संत्र्यांचा पत्ताही नाही.