उंबऱ्याच्या आत न आलेली बाई

पैलंच सांगती, मी भुताखेताला मानत न्हाय. उसाच्या फडात जलम गेला माजा. बाळंत झाल्यावर चौथ्या दिवशी कोयता हातात घेतला. तवा पाचटात एकली पडलेली असायची मी, कुनी हडळ आली न्हाय की खवीस आला न्हाय. मला जे काय भ्याव दावलं ते जित्या मानसांनी.

असले अनुभव आमच्या मेघाताई फोनवर वाचत्यात. म्हनल्या, "आक्का, तुमचा बी सांगा की." माजी शाळा दुसरीपतूर. मी बोलती, त्या लिवत्यात. चुकलंमाकलं तर त्यांचं.

तर... सोलापुरात शुक्रवार पेठेत एका बोळात बंद पडल्यालं मागाचं शेड व्हतं. मेघाताईंच्या संस्थेनं ते भाड्यानं घेतलं आन आमी पाचसा बायांनी झाडलं. कोपऱ्याकोपऱ्यातनं पोतंपोतंभर कापसाची घान निगाली. हितं केंद्र काढायचं ठरलं. भाईरदेशी घरकामाला गेलेल्या, ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्या बाया परत आल्या की त्यांना घरात जागा नसती, त्यांच्यासाठनं. गल्लीतली मानसं इचारायला लागली, "कसल्या बायका ठिवनार हितं?" मी म्हनलं, "माज्यासारक्या. नीट बगून घ्या."

कर्नाटकातनं मी एकली परत आली तवा भावजयीनं माजी पेटी भाईर काडून ठिवली व्हती, वर माज्या चपला ठिवून. भांडली न्हाय मी. पेटी उचलली.

म्हनून केंद्राचं दार माज्याकडं. बायांना फशी पाडून कामाला धाडनारं एजंट लोक लई हुशार. बाई पाठवत्यात, ती रडत येती, दोन दिस ऱ्हाती, आतली पळून आलेली कोन हाय ते बगून जाती. असंच एकदा झालं आन आमची एक पोरगी गेली. कुटं गेली, अजून पत्ता न्हाय. तवापासनं मी कुनाच्या रडन्यावर जात न्हाय. हाताचं घट्टं बगती, बोलनं आयकती, मग आत घेती.

तो बुधवार व्हता. उनाळा. दुपारचं दोन वाजलं असतील. सोलापूरचं ऊन तुमाला म्हाईत हाय, बोळात कुत्रं बी दिसत न्हवतं. मी दारात शेंगा निसत बसली व्हती. मान वर केली तर समोर बाई. पस्तिशीची. अंगात फिका निळा झगा, भाईरदेशी घरकामाच्या बायांना देत्यात तसला. हनुवटीवर गोंदल्यालं तीन ठिपकं. डाव्या मनगटावर इस्त्रीचा तिकोनी डाग. पायात कायबी न्हाय.

पाय बी बगितलं मी. हसू नका... सरळच व्हतं.

"ये की आत," मी म्हनलं.

"बेड आक्का." बेड म्हंजी नको. अक्कलकोटाकडची दिसली.

"पानी तरी घी."

"बेड. शुक्रवारी सुमन येनार न्हवं हितं?"

माजं कान टवकारलं. मस्कतवरनं सुमन नावाची पोरगी येनार, हे मला आन मेघाताईंना सोडून कुनाला म्हाईत न्हवतं. मी म्हनलं, "कोन सुमन? हितं कोन सुमन न्हाय."

ती हसली. "बरं, न्हाय तर न्हाय. तिच्या मागं तिचा भाऊ यील. त्येच्या हवाली करू नका तिला."

"तुला कुनी सांगितलं? कोन तू?"

"मी तिला सांगून दमली. आयकत न्हाय ती. तुमी तरी आयका." असं म्हनून वळली, आन म्हनली, "जाती मी."

अंगावर काटाच आला माज्या. सासरी निगालेली पोरगी, बाजाराला निगालेली बाई, अवो भांडून निगालेली बाई सुदीक दारातनं निगताना येती म्हनती. मी वरडली, "अगं येती म्हन की!"

तिनं मागं बगितलं. "न्हाय आक्का. जाती."

तितंच मी ठरवलं, ही आपल्यातली न्हाय. कुनीतरी शिकवून पाठवल्याली. जिला दारातनं निगायची रीत ठावं न्हाय, तिच्या तोंडचं काय खरं मानायचं? मेघाताईंना सांगितलं तर त्या बी म्हनल्या, "एजंटचीच असंल आक्का. पोरीला घरच्यांपासनं तोडायला बगतायत."

शुक्रवारी सकाळी मेघाताई सुमनला ठेसनावरनं घिऊन आल्या. निस्ती हाडं. न्हाली, शेंगाची चटनी आन कडक भाकरी खाल्ली, आन झोपली. दुपारी भाऊ हजर; सकाळी मेघाताईंच्या फोनवरनं तिनंच त्येला कळवलं व्हतं. मावसभाऊ. पांढरा शर्ट, पेढ्यांचा बॉक्स, आदार कार्ड, दोगांचा ल्हानपनचा फोटू. फोटूवर हात फिरवून रडला. "आक्का, आमची सुमी लई भोळी हो. गावाकडं न्हेतो तिला."

मी, जी कुनाच्या रडन्यावर जात न्हाय, ती मी गेली. त्येला च्या करून दिला. म्हनलं, "बसा दादा, उठवती तिला."

सुमन तर "दादा आला?" म्हनून उडीच मारून उठली. पिशवी भराया लागली. ती केस इंचरत व्हती तवा मी आपली सहज बोलली, "तुजी लई वळख हाय बया सोलापुरात. परवा एक बाई आलती, म्हनली भावाच्या हवाली करू नका."

"कोन बाई?"

"कुनास ठावं. निळा झगा. मनगटावर डाग."

फनी केसातच ऱ्हायली तिची. "कंच्या मनगटावर?"

"डाव्या."

"हनुवटीवर ठिपकं?"

"तीन."

"आक्का, ती नागव्वा. आमी दोगी एकाच घरात कामाला व्हतो."

"मग आली आसंल सुटून."

"ती वारली की वो! तीन म्हयने झालं. मीच तिचं केस इंचरलं, मीच तोंड झाकलं." मग हळूच म्हनली, "ती म्हनायची, तुजा दादाच एजंट हाय, त्येनंच दोगींना त्या घरात दिलंय. मला लई राग आला. मी बोलनं टाकलं तिच्याशी. मरस्तवर बोलली न्हाय मी, आक्का."

मला वाटलं, पोरीला ताप हाय. कपाळाला हात लावला तर गार.

ती उठून भाईर गेली. म्हनली, "दादा, आज न्हाय येत मी. आठ दिस हितंच ऱ्हाती."

आदी तो हसला. मग म्हनला, "आठ दिस? अगं येडे, परवाचं ईमानाचं तिकीट हाय!"

बोलून गेला आन तोंड मिटलं. मी इचारलं, "कसलं ईमान रं दादा? गावाकडं न्ह्यायला आलतास न्हवं?"

मग त्येचा आवाज चढला. मी भाऊ हाय, माज्याकडं कागद हायत, तुमी कोन अडवनार... मी दारात आडवी हुभी ऱ्हायली. म्हनलं, "माज्या अंगावरनं जा तिला घिऊन." आतनं बाया आल्या, कुनाच्या हातात उलतानं, कुनाच्या हातात लाटनं. मेघाताईंनी पोलिसांना फोन लावला. तो गेला. पेढ्यांचा बॉक्स सुदीक उचलून घिऊन गेला मुडदा.

आता तुमी म्हनाल, आक्कानं लगीच इस्वास ठिवला. न्हाय. मी सुमनवरच संशय घेतला. तिनंच कुनाला तरी पाठवलं आसंल, भावाचं खरं बगायला. चार दिस फिरून फिरून इचारलं तिला. ती तितं असताना तिच्याजवळ फोन बी न्हवता.

मग वाटलं, उन्हानं मलाच भास झाला. तर समोर लक्ष्मीबाई ऱ्हात्यात, चादरीला शिलाई मारत्यात. त्या म्हनल्या, "बगितली की आक्का. निळ्या झग्यातली. एवड्या उन्हात अनवानी कशी हुभी हाय, म्हनलं."

नागव्वाला तिच्यासारकी दिसनारी भन आसंल, म्हनून मेघाताईंनी तिच्या गावात फोन लावला. नागव्वाच्या भावानं उचलला. भन न्हाय. मयत बी गावाला आलं न्हाय, तिकडंच मातीत गेलं. त्येनं फोटू पाठवला. मी बगितला आन फोन पालता ठिवला. आता तसलं गोंदन त्या बाजूला किती तरी बायांच्या हनुवटीवर असतंय म्हना...

मला अजून पटलं न्हाय. अजून उलगडा बी न्हाय. तुमी शिकलेली मानसं, तुमाला काय सुचलं तर सांगा.

पर एक ऱ्हायलं. फोटू आला त्या दिवशी सुमननं मला इचारलं, "आक्का, निगताना काय म्हनली ती?"

पोरीचं डोळं असं व्हतं की... मी म्हनलं, "येती म्हनली."

ती हसली. आल्यापासनं पैल्यांदा. तवापासनं रोज दुपारी दारात बसती, तांब्याभर पानी घिऊन. मेघाताईंनी पुन्याला काम बगितलं तिच्यासाठनं, ऱ्हायला खोली, चांगली मानसं. ही हालत न्हाय. म्हनती, "ती आली आन मी नसली तर? मला माफी मागायची हाय तिची."

मेघाताई लिवता लिवता थांबल्या आत्ता. "आक्का, हे सुमनला म्हाईत न्हाय?"

न्हाय, ताई. लिवा तुमी. लई डाव सांगाय गेली, तोंडातनं फुटत न्हाय माज्या.

हितं नावं समदी बदलल्यात. जिची गोष्ट हाय तिला कळंल. ती बी मेघाताईंच्या फोनवर हेच वाचत असती.

पोरी, मी खोटं बोलली. ती जाती म्हनली. दोनदा म्हनली. आन जे सांगाय आलती ते सांगून गेली. राग असता तर उन्हातान्हात आली असती व्हय गं?

वाचलंस की आत ये. जेवून घी, आन पिशवी भर.