सहा आठवडे विमानाच्या पोटाखाली, आणि मग इस्लापूर

बाबांनी सहा आठवड्यांची परवानगी दिली होती. नांदेडच्या एका दुचाकी शोरूममध्ये त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. विमान देखभालीच्या डिप्लोमातलं शेवटचं प्रात्यक्षिक उरकलं की तिथल्या काउंटरवर बसायचं, असं ठरलं होतं. मी हो म्हणाले आणि लोह्याच्या स्टँडवर बॅग घेऊन उभी राहिले.

आमचं प्रात्यक्षिक होतं हवाई दलाच्या एका तळावर, कर्नाटकाच्या हद्दीत. तिथं मुलींच्या राहण्याची सोय नव्हती, म्हणून मुक्काम उदगीरला. तुम्ही या बाजूला येणार असाल तर सांगून ठेवते, लोह्याहून उदगीरला थेट एसटीची वाट बघू नका. अहमदपूरला उतरा आणि गाडी बदला. शिरूर ताजबंदपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढं कंबर सांभाळा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं एसटी जीपपेक्षा परवडते.

उदगीरला किल्ल्याच्या बाजूला रेहाना खालांकडं खोली मिळाली. त्यांचे मिस्टर शेरवान्या शिवतात. मी पहाटे निघायचे, तेव्हा खाला डबा घेऊन दारात उभ्या असायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरी, ते विमान तू दुरुस्त करनार, आन् ते उडनार?"

"मी फक्त मदत करते, खाला."

"मंग नीट मदत कर," त्या म्हणाल्या आणि डब्यात आणखी एक ज्वारीची भाकरी ठेवली.

उदगीरहून तळापर्यंत दीड तास. गेटवर मोबाईल जमा करावा लागतो, त्यामुळं या पोस्टमध्ये तिथला एकही फोटो नाही. सकाळची सुरुवात खडे वेचण्यानं व्हायची. अधिकारी, जवान, आम्ही विद्यार्थी, सगळे एका रांगेत, विमानं उभी राहतात त्या फरशीवरून, खाली बघत चालायचो. एवढासा खडा इंजिनात ओढला गेला तर पाती तुटतात. कापूस वेचायला वाकलेली माझी पाठ, तिला हे काम नवीन नव्हतं.

मग हँगर. पहिल्यांदा प्रशिक्षणाच्या जेटखाली उताणी झोपले आणि पोटाचं झाकण उघडलं, तेव्हा आत नळ्या, तारा, जोड असं सगळं इतकं दाटीनं बसवलेलं होतं की मी काही वेळ नुसती बघतच राहिले. आमच्यावर सार्जंट माधव सर होते, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचे. मी लोह्याची म्हटल्यावर त्यांची भाषा एकदम गावाकडं वळली. "हाव का? मग आपलीच हायस की." त्यांच्या हाताखाली मी टायरमधली हवा तपासली, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना सुरक्षेची तार पिळून बांधायला शिकले. पहिली तार त्यांनी कापून टाकली. दुसरीही कापली. अकरावी ठेवली. कामाच्या नोंदीवर सही मात्र त्यांचीच. ती रोज मी बघायचे आणि त्या जागी माझं नाव कसं दिसेल, असा विचार मनात यायचाच.

चौथ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. काम संपलं की हत्यारं मोजून पेटीत ठेवायची. प्रत्येकाची पेटीत त्याच्याच आकाराची खाच असते. त्या दुपारी, अडचणीच्या जागी डोकावायला वापरतात त्या लांब दांड्याच्या छोट्या आरशाची खाच रिकामी होती. सरांनी लगेच विमान थांबवलं. सापडेपर्यंत ते जागचं हलणार नव्हतं. सगळे फरशी शोधायला लागले आणि मला आठवलं, तार बांधताना दोन्ही हात लागले म्हणून मी आरसा आतल्या कडेवर टेकवला होता. नंतर झाकण लागलं होतं. वाटलं, बोलले की आजच घरी पाठवतील. उरलेले दोन आठवडेही जातील.

"सर, तो आत राहिलाय. मी ठेवला होता."

सरांनी झाकण उघडलं. आरसा तिथंच होता. त्यांनी तो पुसला, खाचेत बसवला आणि वहीत सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. "घरी न्हाई पाठवत. पण झाकण लावायच्या आधी आत बघायचं माझं काम व्हतं, म्हणून माझं बी नाव लिवलंय," म्हणाले. पुढचे तीन दिवस मला फक्त मोजणीचं काम होतं.

शेवटच्या दिवशी मोबाईल परत घेताना ते गेटपर्यंत आले. "इस्लापूरला जाशील का एकदा? माझी माय हाय तिथं. तिला वाटतं मी विमान चालवून राहिलो. कुठं विमान पडल्याची बातमी आली की दोन-दोन दिवस जेवत न्हाई. मी सांगितलेलं खोटं वाटतं तिला. तू खरं सांगतीस. तू सांग."

पुढच्या रविवारी नांदेडहून आदिलाबादकडं जाणारी गाडी धरली. सहस्रकुंड बघायला लोक जातात तोच हा मार्ग. धबधबा भरून वाहत होता. जाणार असाल तर खडकांच्या कडेला जाऊ नका, शेवाळ फार आहे.

सरांच्या आई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"त्यो वर जातो का न्हाई?"

"नाही आजी. ते विमानाच्या खाली असतात. पाठीवर झोपून काम करतात. विमान उडलं की खाली उभे राहतात आणि ते परत येईपर्यंत वर बघतात."

"खाली उभा ऱ्हातो?"

"हो. मी सहा आठवडे रोज बघितलंय."

आजींनी हातातली शेंग फोडून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्यासारखंच की. मी बी वाटच बघती." त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. निघताना माझा हात हातात घेऊन तळव्यावर तारेनं पडलेले ओरखडे अंगठ्यानं चाचपले. "त्याचे बी असेच अस्तीन," एवढंच म्हणाल्या.

लोह्याला परतले ती संध्याकाळी. तळावरचा केरोसीनसारखा वास कपड्यांतून दोन धुण्यांत गेला. आता सकाळी जाग येते ती तिथल्याच वेळेला, आणि उठून जायला कुठंच नसतं. शोरूमवाल्यांचा फोन दोनदा येऊन गेला.

परवा जेवताना बाबांनी विचारलं, "मन भरलं का मग?"

"न्हाई भरलं, बाबा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरून ताटाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता शोरूमचा विषय निघणार.

"त्या हवाई दलाच्या भरतीचे फॉर्म," ते म्हणाले, "कधी निघतेत?"