बाजाराचं आवतण

मंगळवारी सकाळी ती मैदानात पोतं अंथरायची, वारा उडवू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायची, माशांच्या पाटीवर ओलं फडकं टाकायची आणि रस्त्याकडं तोंड करून बसायची. मग कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणायची, "झाला सुरू बाजार." समोर तेव्हा फार तर एखादं कुत्रं असायचं, तेही माशांच्या वासानं आलेलं.

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. खिडकीसमोरच बाजाराचं मैदान. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली, आणि हे मी न विचारताही सांगते. त्यामुळं ती मला नावानं हाक मारायची नाही. "काय गं पदवीधर, चहा पाजतीस का?" असंच. मी तिला मावशी म्हणायचे. सगळं गावच म्हणायचं.

आमचं गाव भीमेच्या काठावर. आमचा काठ दौंड तालुक्यात, पलीकडचा शिरूरमध्ये. एके काळी पलीकडची माणसं होडीनं आमच्या बाजाराला यायची. नदीच्या वाळूत पिकलेली कलिंगडं, मावशीच्या घरच्यांनी धरलेले मासे, पलीकडची शेरडं-मेंढरं, असा भरलेला बाजार मी लहानपणी पाहिलाय. मग वाळू ट्रकांनी गेली आणि कलिंगडाला जागा राहिली नाही. पुण्याकडून काळं पाणी यायला लागलं, त्यावर जलपर्णी पसरली आणि मासा संपला. शेवटी पूल झाला. गावानं पेढे वाटले. पुलावरून पलीकडची गिऱ्हाइकं आपल्याकडं येतील, असा सगळ्यांचा हिशेब होता. ती मोटारसायकलवरून आमच्या मैदानाला वळसा घालून थेट यवतच्या बाजाराला जायला लागली. पाठोपाठ आमचीही.

मावशी बसत राहिली. नदीत काही मिळत नाही म्हणून भिगवणचे चिलापी मासे टेंपोनं मागवायची. शेजारी एक भाजीवाली, एक मडकीवाला आणि कधीमधी खारं-फुटाणं विकणारा एक म्हातारा. एवढाच बाजार. मी एकदा विचारलं, एवढी ओढाताण कशासाठी करतेस?

"धाकटा म्हणतो, चल शिक्रापूरला. गावात हाय काय?" ती म्हणाली. "मला सांगाया कायतरी पायजे का न्हाई? म्हणून म्हणती, बाजार हाय."

तिचा धाकटा मुलगा तिकडं कंपनीत कंत्राटावर होता. खोलीत आणखी दोघं, बिहारचे. त्यानं परत यावं, लग्न करावं, काठावरच्या घरात चूल पेटती राहावी, एवढंच तिला हवं होतं. पण ज्या गावाला बाजार नाही, त्या गावात पोरगी कोण देणार, असा तिचा बिनतोड प्रश्न होता.

त्यात सरपंचांनी मैदानावर गाळे बांधायचं काढलं. माणूस वाईट नाही. त्यांनाही गावात काहीतरी हलायला हवंच होतं. ते मावशीच्या पोत्याजवळ उभं राहून म्हणाले, "मावशी, चार माणसं बसत्यात, त्याला बाजार म्हणायचं का?"

"चार बसत्यात म्हणून तर हाय."

"मग एकदा भरवून दाखवा. भरला तर गाळं बांधायचं ऱ्हायलं."

मला वाटलं, हे माझं काम. मी मोबाईलवर रंगीत जाहिरात केली, 'चला आपल्या बाजाराला' असं वर लिहिलं आणि दोन्ही काठांच्या सगळ्या ग्रुपांवर टाकली. अंगठे भरपूर आले. मंगळवारी माणूस एक आला, तोही रेशनकार्डाचं विचारायला. संध्याकाळी पोतं झटकताना मावशी म्हणाली, "तुझं अंगठं बाजारात बसत न्हाईत गं."

मग तिनं तिच्या पद्धतीनं करायचं ठरवलं. आमच्याकडं तोंडी निरोपाला कुणी मोजत नाही. हातावर अक्षता ठेवल्या तर मात्र वैरीसुद्धा लग्नाला येतो. तिनं तांदूळ हळदीत कालवले, फडक्यात बांधले आणि माझ्या स्कूटीवर मागं बसली. सुट्टीच्या दिवशी आम्ही राहू गावाच्या बाजूच्या वस्त्या केल्या, मग पूल ओलांडून मांडवगण फराट्याकडं गेलो. उन्हानं डोकं उठलं होतं. प्रत्येक दारात ती उतरायची, गुडघे धरून उभी राहायची आणि अक्षता द्यायची.

एका वस्तीवर पूर्वी मेंढरं राखणारे एक आबा होते. आता शेती करतात, पण दारात दहा-बारा मेंढरं ठेवलेली. त्यांनी अक्षता टोपीखाली ठेवल्या आणि विचारलं, "नवरदेव कोण?"

"बाजार."

"आन् नवरी?"

"आबा, तुमी या तर. मग हुडकू."

मंगळवार उजाडला आणि काय सांगू, मैदान भरलं. दोन्ही काठांवरची माणसं आली. पुरुषांच्या धुवट टोप्या, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या. एकीनं तर मावशीसाठी खण-नारळ आणला. सरपंच फोटो काढत फिरत होते. मावशीची चिलापी बघता बघता संपली, भाजी संपली, मडकी संपली. आणि मग माणसं नुसतीच उभी राहिली. एकमेकांची खुशाली विचारून झाली. कुणी हळूच विचारलं, जेवणाचं कुठं केलंय?

विकायला कुणीच काही आणलं नव्हतं.

मावशी आबांपुढं गेली. मेंढरं कुठायत, म्हणाली. आबांना खरंच आश्चर्य वाटलं. "आगं, तू अक्षदा दिल्यास. लग्नाला कुणी मेंढरं घिऊन येतं व्हय?"

ती हसायला लागली. मीही. हसता हसता ती रिकाम्या पाटीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

सरपंचांनी शब्द पाळला. गाळे बांधायचे राहिले. पुढच्या मंगळवारी मैदानात परत तेच चौघं. पलीकडच्या एकाला मी विचारलं, का आला नाहीत? तो म्हणाला, आवतण कुठं होतं?

मग तिची ती पायपीट सुरू झाली. दर सोमवारी निघायची आणि दारोदार बजावायची, उद्या या, पण माल घेऊन या. जमेल तेव्हा मी न्यायचे, नाहीतर चालत. पावसाळाभर थोडीफार माणसं बसली. आबा दोन कोकरं घेऊन आले. एक बाई शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. ज्या सोमवारी मावशी गेली नाही, त्या मंगळवारी कुणी आलं नाही. बाजार तिच्या गुडघ्यांवर चालला होता, आणि ते गुडघे थकले.

दिवाळीनंतर धाकटा आला आणि तिला घेऊन गेला. ती भांडली नाही. नदीकडं बघितलंही नाही. जीपमध्ये बसताना मला एवढंच म्हणाली, "नजर ठिव गं."

दर मंगळवारी दुपारी तिचा फोन यायचा. किती बसलं? मी खरं ते सांगायचे. दोघं.

"दोघं म्हंजी बाजारच की," ती म्हणायची, आणि मागं कंपनीच्या बसचा हॉर्न वाजायचा.

थंडी सरता सरता एका मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी आला, तो धाकट्याचा.

परवा मैदानात एक टेंपो येऊन थांबला. नवरा-बायको होते, बाहेरचे, टेंपोत टोमॅटो आणि कांदे. कुणीतरी त्यांना आमच्या गावचा मंगळवार सांगितला होता. मी खिडकीतून सांगितलं, बसा, सावलीत बसा. त्यांनी माल मांडला. मी घेतला, चहावाल्यानं घेतला. दुपारपर्यंत तिसरं कुणी आलं नाही. बाई कांदे परत पोत्यात भरायला लागली. नवरा खिडकीशी आला. चिडलेला नव्हता, नुसता दमलेला.

"मॅडम, हितं कायम असंच असतं व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या एक मावशी असतात. त्या आज आल्या नाहीत."