रांगेतली शोभाक्का

निपाणी स्टँडवर माझ्या वडलांनी, आप्पांनी, मला बेंगळुरूच्या गाडीत बसवलं आणि खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाले, "तिथं आपल्याला ओळखणारं कोण नाही. निवांत राहा." नवरा एड्सनं गेला होता आणि माझ्याही रक्तात एचआयव्ही निघाला होता. गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यात फुकट मिळायच्या, पण तिथल्या बाकावर निम्मं गाव बसलेलं. कुणी बघेल म्हणून मी कितीदा तरी दारातूनच परत फिरले होते. गावाकडच्या माणसांनो, मी नोकरीसाठी गेले असं तुम्हांला सांगितलं गेलं. खरं कारण हे होतं.

बेंगळुरूच्या बोम्मसंद्र्यात शिलाईच्या कारखान्यात काम लागलं. सुपरवायझर "स्वल्प बेग माडी", जरा लवकर करा, म्हणून ओरडला की मशीनवरचे हात आपोआप पळायचे. कन्नड मला येतच होतं. कुणाच्याच ओळखीचं नसणं मात्र नवं होतं, आणि खरं सांगते, ते गोड लागलं.

धीर करून इथल्या सरकारी केंद्रात गोळ्यांच्या रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईनं मान वळवली. आमच्याच गल्लीतली शोभाक्का! ओढणीनं तोंड झाकून मी फाटकाबाहेर पळाले. आता गावभर होणार, आप्पांना मान वर करता येणार नाही. गोळ्या नकोत नि काही नको.

रिक्षांपाशी तिनं मला गाठलं. "सुनंदे, मला बघून पळतीस व्हय? त्या रांगेत काय भाजी मिळती?"

ती लेकाकडं असते, एवढंच गावाला माहीत होतं. "म्हणजे अक्का, तुम्हीपण?"

"लई वर्सं झाली. गोळी चुकवत न्हाई, म्हणून तर तुझ्यामागं पळता आलं. चल आता."

मी रडले, मग दोघीही हसत सुटलो. रांगेत तिनं माझं मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता तपासणीत माझ्या रक्तात विषाणू सापडत नाही. गोळ्या चालू ठेव, म्हातारी होशील, असं डॉक्टर म्हणतात. म्हातारपणाचं एवढं अप्रूप मला कधी वाटलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी सर्जापूर रोडला शोभाक्काच्या घरी जाते. परवा तिची सून सगळ्या खिडक्या उघड्या असताना स्वयंपाकघरातून ओरडली, "सुनंदाक्का, गोळी घेतली का?"

"घेतली गं!" मीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडले. घर म्हणतात ते हेच असावं.