कांगणीची जागा

आमच्या गावात काम नसताना कुणी चालत नाही. हरमलच्या किनाऱ्यावर उतरलेले गोरे पाहुणे कधी कधी काठ्या घेऊन आमच्या वाड्यापर्यंत येतात, शेताच्या मेरेवर उभे राहून बगळे बघतात आणि आले तसे परत जातात. त्यांना सगळे माफ आहे. आपला माणूस रस्त्यावर दिसला की मात्र समोरचा कुठे निघालात म्हणून विचारणारच, "खंय वता?" आणि ह्याला 'चालायला' हे काही उत्तर होत नाही.

त्यामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले तेव्हा आमच्या ह्यांची पंचाईत झाली. वैशाखात छातीत कळ आली होती, इस्पितळात राहून घरी आले होते, औषधांची पुडी खिशात आणि चेहरा उतरलेला. दोन दिवस अंगणातच फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी मी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, त्यांच्या मनगटात अडकवली आणि म्हटले, आता चला. कुणी विचारले तर पिशवी दाखवा. ही युक्ती लागू पडली. पिशवी बघून लोक आपल्या मनाशीच काहीतरी ठरवत आणि पुढे जात. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला तर आम्ही रोज भेटत होतो, त्याने एकदाही विचारले नाही की ह्या पिशवीत कधी काही दिसत कसे नाही.

मी सोबत असायचीच. आधी पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन यायचो. मग कालव्याचा रस्ता धरला. तो चालायला फार सुखाचा आहे, सपाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काजू. वरून विमान गेले की हे थांबून मान वर करत, जणू ते ह्यांच्याच परवानगीने उडते आहे. परतीला मेरेवरून, भाताच्या मधून, नणंदेच्या घरी टेकायचे. नणंद ह्यांच्याहून मोठी, एकटी राहते, बिनसाखरेचा चहा करून देते आणि वर आपलेच तोंड वाकडे करते. पावसाळाभर असे चाललो. छत्री घेऊन, कधी तांबड्या चिखलात चपला हातात घेऊन. खरे सांगते, लग्नानंतर इतक्या निवांतपणे आम्ही दोघे कधी एकत्र चाललोच नव्हतो. पूर्वी हे पुढे आणि मी मागे, सामान घेऊन. आता ह्यांची चाल मंद झाली म्हणून मी शेजारी आले. मला ते आवडत होते.

एकच गोष्ट खुपत होती. कालव्यावर एक लहान पूल आहे. पुलापलीकडून पायवाट सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर चढते. हे पुलाच्या कठड्याला हात लावायचे आणि मागे फिरायचे. चढ काही मोठा नाही, पोरेटोरे धावत जातात. हलका चढ चालेल असे डॉक्टरांनीही पुढच्या तपासणीला सांगितले होते. पण ह्यांचा धीर होत नव्हता.

आणि चवथ जवळ येत होती. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, तवशी, कवंडळे आणि रानातले काय काय टांगायचे. त्यात कांगणीच्या रानवेलीचे पिवळट घोस हवेतच, निदान आमच्या घरात तरी. सड्याच्या कडेने पूर्वी ती कुठेही मिळे. आता घरे झाली, रस्ते झाले, झाडी गेली. तरी दरवर्षी चवथीच्या आदल्या दिवशी हे एकटे सड्यावर जात आणि भाराभर कांगणी आणत. कुठून, ते कुणालाही ठाऊक नाही. शेजाऱ्यांनी परोपरीने विचारले, मुलाने विचारले, मी तर लग्न होऊन आले तेव्हापासून विचारते. ताकास तूर लागू दिली नाही. बाजारातून माटोळी विकत आणणाऱ्यांना हे नावे ठेवायचे, ती वेगळीच.

श्रावणात मुलाचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, बाबांना आता सड्यावर पाठवू नकोस, जागा तेवढी विचारून ठेव, मी आदल्या दिवशी पोचतो, मी आणीन. मला पटले. मी त्याच दिवशी चालताना विषय काढला. हे म्हणाले, बाजारात मिळते की. ह्यांच्या तोंडून बाजार! मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. निदान पुलाच्या डावीकडे की उजवीकडे तेवढे तरी सांगा म्हटले. हे मान वर करून विमान शोधू लागले. मला राग आला. आयुष्यभर संसार केला आणि ह्या माणसाला एक रानवेल माझ्या हवाली करवत नाही, असे मी त्या पिंपळापाशी बोलूनही दाखवले. त्या दिवशी पुलापर्यंतही गेलो नाही. पुढचे दोन दिवस ह्यांनी पावसाचे निमित्त केले, पाऊस नव्हता तरी.

मी नणंदेकडे एकटीच गेले आणि गाऱ्हाणे घातले. भावाची बाजू घेईल म्हणून मी तयारीतच होते. तिने चहाचे भांडे उतरवले, पदराला हात पुसले आणि ती अगदी हळू बोलली.

"तू तेका जागो विचारू नाका गो. बाबान तेका जागो दाखयलो, आनी त्या वर्सापासून बाबा परत सड्यार गेले नात."

मग तिने सगळे सांगितले. माझ्या सासऱ्यांनाही त्यांच्या वडिलांनी जागा दाखवली ती त्यांचे पाय थकल्यावर. पाय चालतात तोवर जागा आपली, आपणच जायचे. दाखवली की संपले, पुढच्याने जायचे. कुणी असा नियम केला नव्हता, पण त्यांच्या घरात ते तसेच चालत आले होते. मी चहा न पिताच उठले. म्हणजे मी चालता चालता ह्यांना काय विचारत होते? तुमचे चालणे संपले का, हेच ना? मेरेवरून येताना माझे डोळे भरले होते. समोरून येणाऱ्या बाईने खंय गेल्ली म्हणून विचारले, आणि माझ्याकडे पिशवीसुद्धा नव्हती.

घरी आल्यावर ह्यांना म्हटले, "मला जागा नको. तुम्ही आणाल तेव्हा येईल कांगणी. ह्या वर्षी नाही आली तर नाही आली, गणपती काही रुसत नाही."

ह्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. पण दुसऱ्या दिवशी पाऊस असूनही चालायला निघाले. पुढच्या काही दिवसांत पूल ओलांडला. आधी दहा-बारा पावले, मग पहिल्या वळणापर्यंत, मग तिथल्या सपाट दगडापर्यंत. मी शेजारून चालत राहिले आणि तोंडाला कुलूप घातले. माझ्यासारखीला ते किती जड गेले असेल ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावे.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी ह्यांनी कोयती मागितली. पिशवीत घातली. थांबत थांबत, दम घेत आम्ही सड्याच्या कडेला पोचलो. हिरवे गवत, वारा, खाली आमची कौले. ह्यांनी मला एका दगडावर बसवले.

"तू हांगाच बस. आयलोंच."

आणि झुडपांत शिरले. मला आधी बरे वाटले, मग मनात आले, आत काही झाले तर? मी कुठे शोधू? जागा मला कुठे ठाऊक आहे? कोयतीचा आवाज येत होता, तेवढाच आधार. मग तोही थांबला. मी उठून उभी राहिले. हाक मारावी असे वाटले, पण मारली नाही. काय काय बोलून घेतले देवाशी ते आता सांगत नाही. मग पाने हलली आणि हे बाहेर आले, घामाघूम, केसांत काटक्या, आणि पिशवीतून पिवळे घोस लोंबताहेत. पिशवीत पहिल्यांदाच घरी न्यायजोगे काहीतरी होते. माझा जीव भांड्यात पडला. हे म्हणाले, वेल ह्या वर्षी बरा धरलाय, पुढच्या वर्षी याहून चांगला धरेल. मी हो म्हटले आणि त्यांच्या केसांतल्या काटक्या काढल्या.

संध्याकाळी मुलगा आला. माटोळीतले घोस बघून तो मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि त्याने हळूच विचारले, बाबांनी जागा दाखवली का? मी म्हटले, नाही. ते मी इतक्या आनंदाने म्हटले की त्याला वाटले, आता मीही लपवते आहे.